मदत हवी आहे: मेनलिखेनची केबलकार बंद, पॅनोरमा ट्रेलला वर कसं जायचं?

निखिल_स:
स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेनला चार रात्रींचं बुकिंग झालंय, रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. मुख्य बेत मेनलिखेन ते क्लायने शायडेग हा पॅनोरमा ट्रेल. पण वेंगेनहून मेनलिखेनला जाणारी केबलकार बंद दाखवते आणि ग्रिंडेलवाल्डकडचा गोंडोलाही बंद. क्लायने शायडेगची रेल्वे मात्र चालू आहे. मग तिथून उलटं चालत मेनलिखेनला गेलं तर चालेल का? दुसरी वाट असेल तर तीही सांगा. आज रात्रीच तिकिटं काढायची आहेत, जरा लवकर.

झ्युरिखवासी:
तारीख कोणती? तेच लिहिलं नाहीत. आणि बरोबर कोण आहे?

डोंगरवेडा:
मेनलिखेन सोडा, आयगर ट्रेल करा. आयगरग्लेचर स्टेशन (२३२० मी.) ते आल्पिग्लेन (१६१६ मी.), सहा किलोमीटर, दोन तास, जवळजवळ सगळा उतार. आयगर शिखराच्या उत्तर भिंतीच्या अगदी पायथ्यातून वाट जाते. वर जायला आणि खालून परतायला रेल्वे आहे. पॅनोरमा ट्रेलवर गर्दीशिवाय काय आहे?

कातळवाट:
तारीख कळल्याशिवाय आयगर ट्रेल सुचवू नका. जुलै असेल तर मी पहिला दुजोरा देईन.

निखिल_स:
१७ ते २१ मे. आईबाबा आहेत, चालतात व्यवस्थित. पण माझा प्रश्न उलट्या दिशेबद्दल होता.

झ्युरिखवासी:
मग केबलकार का बंद आहे याचं उत्तर तारखेतच आहे. हिवाळी हंगाम संपला की दोरांची, डब्यांची देखभाल होते आणि मेनलिखेन साधारण मेच्या अखेरीस उघडतं. म्युरेन गावाच्या वरची आल्मेंडहुबेलची रेल्वे आणि शिनिगे प्लाटे जूनमध्ये. क्लायने शायडेगची गाडी बारा महिने चालते, कारण तिथून पुढे युंगफ्राउयोख या उंचावरच्या स्टेशनला जातात. गाडी चालू आहे म्हणजे वाट मोकळी आहे असं समजू नका.

उलट्या दिशेचं सांगतो. ट्रेल २०६१ ते २२३० मीटरवर आहे आणि डोंगराच्या आडव्या उतारावर कोरलेला आहे. मेमध्ये त्यावर जुना बर्फ असतो. हा बर्फ सपाट बसत नाही, उताराच्या कोनात बसतो, म्हणजे पायवाट नाहीशी होऊन फक्त तिरपी घसरण उरते. सकाळी तो रात्रीच्या थंडीने काचेसारखा कडक, दुपारी मऊ होऊन पाय मांडीपर्यंत आत जातो. वर चुगेन आणि लाउबरहॉर्नच्या उतारांवरून ओला बर्फ सुटून खाली येतो, तो वेगळाच. समजा पोचलात, तर मेनलिखेनला उतरायला काही नाही, त्याच वाटेने परत. आईबाबांना घेऊन हे करू नका.

डोंगरवेडा:
मे म्हणजे थोडाफार बर्फ, एवढं काय. आपली मंडळी पावसात कळसूबाई करतात.

कातळवाट:
कळसूबाईला शिड्या आहेत, कडेला लोखंडी दांडे आहेत आणि खाली कातळ आहे. बर्फाच्या आडव्या उतारावर पाय सुटला तर थांबायला काही नसतं, बर्फकुऱ्हाड वापरता येत नसेल तर अजिबातच नाही. आयगर ट्रेलचंही तेच: उत्तर भिंतीच्या सावलीत बर्फ जूनच्या मध्यापर्यंत राहतो आणि भिंतीवरून दगड, बर्फ सुटत असतो. शिवाय ७०० मीटर उतार आहे. ज्येष्ठांच्या गुडघ्यांना चढ सोसतो, उतार नाही. निखिल, गुडघ्यांचं काय ते स्पष्ट लिहा. 'चालतात' याचे दहा अर्थ होतात.

स्वाती_थुन:
याच खोऱ्यात मेमध्ये करण्यासारखं भरपूर आहे, फक्त १७०० मीटरच्या खाली राहा. माझा आग्रह म्युरेनच्या बाजूचा. लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरून केबलकारने ग्र्युचाल्प (१४८६ मी.), तिथून छोट्या रेल्वेच्या रुळांशेजारून चालत विंटरेग आणि म्युरेन (१६३८ मी.). साडेचार किलोमीटर, जेमतेम १५० मीटर चढ, वाट रुंद. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं ओळीने. मेनलिखेनच्या ट्रेलवरून जे पाहायचं होतं त्यातलं बरंच इथून, उलट्या बाजूने दिसतं. दमलात तर विंटरेगला स्टेशन आहे, गाडीत बसा.

निघायच्या सकाळी म्युरेनचा वेबकॅम पाहा. झाडीत सावलीला बर्फाची ठिगळं राहतात, पण वाट सौम्य असल्याने ती ओलांडता येतात. ग्र्युचाल्पची केबलकार चालू आहे ना हेही एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) अ‍ॅपमध्ये त्या तारखेसाठी तपासा, वसंतात तिचीही देखभाल निघते.

निखिल_स:
आईला उतारावर डाव्या गुडघ्याचा त्रास होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बाबा ठीक. उंचीची भीती कुणालाच नाही. म्युरेनहून गिमेलवाल्डला चालत उतरतात असं वाचलं, ते जमेल?

कातळवाट:
हे आधी हवं होतं.

म्युरेन ते गिमेलवाल्ड (१३६३ मी.) हा २७५ मीटरचा सलग उतार आहे, तोही बराचसा डांबरी. मातीपेक्षा डांबरी उतार गुडघ्याला वाईट, पाऊल प्रत्येक वेळी तितक्याच जोराने आपटतं. आईंनी म्युरेनहून थेट केबलकारने खाली खोऱ्यातल्या श्टेखेलबेर्गला उतरावं. तुम्ही आणि बाबा ४० मिनिटांत गिमेलवाल्डला पोचाल, तिथूनही केबलकार आहे. श्टेखेलबेर्गला भेटा.

नियम एकच ठेवा: चढ हवा तर पायी, उतार नेहमी यंत्राने. वेंगेनहून लाउटरब्रुनेनला पायी उतरणंही याच कारणाने टाळा, ४७० मीटरची नागमोडी उतरण आहे. काठ्या दोन घ्या, एक नको. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी आणि उतारावर पाच ते दहा सेंटिमीटर जास्त. विमानात त्या हातसामानात घेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाका.

रानवारा:
मुक्कामाला तंबू नेत असाल तर इथे उघड्यावर तंबू ठोकता येत नाही. लाउटरब्रुनेनला दोन कॅम्पिंगच्या जागा आहेत.

निखिल_स:
हॉटेल बुक आहे हो, वर लिहिलंय.

स्वाती_थुन:
दुसरा दिवस खोऱ्याच्या तळातून: लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग, साडेसहा किलोमीटर सपाट, वाइसे ल्युचिने नदीच्या काठाने. सुरुवातीलाच श्टाउबबाख, २९७ मीटरचा एकसंध धबधबा. वितळत्या बर्फामुळे मेमध्ये पाणी छान असतं. वाटेत ट्र्युमेलबाख: आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं. आत लिफ्ट आहे, पण लिफ्टनंतर पायऱ्या आहेत आणि त्या कायम ओल्या. आईंना लिफ्टने वर नेऊन जवळचे टप्पे दाखवा, सगळे दहा करायची गरज नाही. चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तुम्हाला तो प्रश्न नाही. प्रवेशाचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

परतीला १४१ नंबरची बस.

डोंगरवेडा:
सपाट चालायला स्वित्झर्लंडला कशाला जायचं? निदान तिसऱ्या दिवशी श्टेखेलबेर्गहून ओबरश्टाइनबेर्ग (१७७८ मी.) करा. तो उत्तर उतार नाही, बर्फ लवकर जातो.

कातळवाट:
उतारावरचा जातो, नाल्यांतला जात नाही. हिवाळ्यात कोसळलेल्या हिमलोटांचे ढीग ओढ्यांत साचलेले असतात, खालून पाणी वाहून ते पोकळ होतात आणि वरून पक्क्या पुलासारखे दिसतात. त्यावर पाय दिला की माणूस खाली पाण्यात. शिवाय ८६० मीटर चढ म्हणजे तेवढाच उतार, आणि तिथे यंत्र नाही. जुलैच्या मध्यानंतर उत्तम वाट आहे. इथे ती कुणी विचारलेली नाही.

झ्युरिखवासी:
पाट्यांबद्दल. पिवळी पाटी साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरी वाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर, हिमनदी असली कामं. आईंसाठी फक्त पिवळी. पाटीवरचा वेळ सपाटीला ताशी ४.२ किलोमीटर धरून काढलेला असतो आणि त्यात एकही थांबा नसतो. दीडपट धरा, फोटो काढणार असाल तर दुप्पट. श्वाइत्समोबिलच्या (चालण्याच्या वाटा दाखवणाऱ्या स्विस अ‍ॅपच्या) नकाशावर बंद वाटा लाल रंगात दिसतात, तो पर्याय चालू करून ठेवा. हवाई बचावाचा नंबर १४१४, सर्वसाधारण ११२. प्रवासविम्यात हेलिकॉप्टर आहे का ते आजच वाचा.

तिकिटाचं: स्विस ट्रॅव्हल पास बस, म्युरेन आणि वेंगेनपर्यंत पूर्ण चालतो. वेंगेनच्या वर क्लायने शायडेगला फक्त २५ टक्के सवलत. हाफ फेअर कार्डवर तिथे ५० टक्के.

अमेय_प:
हाफ फेअरच घ्या. पासाचे सलग दिवस मोजले जातात, एक दिवस पावसात गेला की वाया.

झ्युरिखवासी:
फ्लेक्स पास सलग नसतो. आणि ते झ्युरिखहून येऊन परत जाणार असतील तर पासच परवडू शकतो. निखिल, कुठून येताय?

निखिल_स:
झ्युरिख विमानतळ, परतही तिथूनच. चारच दिवस. मग मेनलिखेन रद्द. ग्र्युचाल्प-म्युरेन एक दिवस, खोरं एक दिवस. पाऊस असेल तर?

स्वाती_थुन:
पावसात ट्र्युमेलबाख, आतलं पाणी तसंही ओलं करतंच. ढग खाली असतील तर वर जाऊ नका, काही दिसणार नाही. ब्रिएंझ तळ्याकडे जा: गीसबाखच्या धबधब्यापासून इझेल्टवाल्डपर्यंत काठाची वाट, दीड तास, झाडीतून, पावसातही बरी. परतीला इझेल्टवाल्डहून इंटरलाकेनची बस.

दक्षिणेकडून फ्योन वारा सुटला तर आकाश निळं असूनही केबलकार थांबवतात. वर असताना कळलं तर पुढची फेरी सोडू नका, लगेच उतरा.

रानवारा:
अवांतर, पण महत्त्वाचं: खोऱ्यातल्या कुरणांत फोटोसाठी शिरू नका. मेमधलं ते गवत गुरांच्या हिवाळ्याच्या चाऱ्याचं असतं, तुडवलं की आडवं पडतं आणि कापता येत नाही. शेतकरी ओरडतात ते बरोबरच आहे. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या दगडी हौदांचं पिण्यासारखं असतं. 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलं असेल तेवढं सोडा. कूप दुकान लाउटरब्रुनेन, वेंगेन आणि म्युरेन तिन्हीकडे आहे.

कातळवाट:
निखिल, एक राहिलं. १४१ चे श्टेखेलबेर्गला दोन थांबे आहेत. 'शिल्टहॉर्नबान' हा केबलकारचा, त्याच्या पुढे खोऱ्याच्या टोकाला गावाचा. दोघांत किलोमीटरभर अंतर आहे. आई केबलकारने उतरतील त्या दिवशी भेटायचा थांबा नावानिशी ठरवून ठेवा.