एमिली डिकिन्सनचं हस्ताक्षर कुठे बघायला मिळेल?

फोंडेकरीण: आमच्या वाचन मंडळात या अमेरिकन कवयित्रीवर बोलायचंय. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून निवडक कविता आणल्यात, पण मला तिचे मूळ कागद बघायचेत.

म्हापसेकर: ताई, कागद मुख्यतः दोन ठिकाणी आहेत, हार्वर्डचं हॉटन ग्रंथालय आणि अ‍ॅमहर्स्ट कॉलेज. २०१३ पासून ‘एमिली डिकिन्सन अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर स्कॅन फुकट बघता येतात. अ‍ॅमहर्स्टकडची पाकिटं चुकवू नका! वापरलेलं पाकीट उलगडून पेन्सिलीने, कागदाच्या आकारात मावतील तशा ओळी लिहिल्यात.

डिचोलीचा वाचक: १८८६ मध्ये ती गेली, तेव्हा बहीण लॅव्हिनियाला हाताने शिवलेल्या चाळीसेक वह्या सापडल्या. कविता एकूण अठराशेच्या घरात, हयातीत छापल्या जेमतेम दहा. १८९० च्या पहिल्या पुस्तकात संपादकांनी तिच्या ओळींतल्या बहुतेक आडव्या रेघा (डॅश) काढून टाकल्या, यमकंही ‘सुधारली’. माझ्या मते हा सरळ अन्याय. तिचं लिखाण मूळ रूपात छापणाऱ्या संपादक थॉमस जॉन्सनची १९५५ ची आवृत्ती धरून बोला.

फोंडेकरीण: देव बरें करूं दोघांचं! रात्री बसून बघितलं. शब्दाशेजारी बारीक अधिकचं (+) चिन्ह, आणि कवितेखाली त्याचे पर्यायी शब्द, एकही न खोडलेला. मंडळात असलंच एक पान पडद्यावर लावणार.