पोविस कॅसल (वेल्स): बाबांना टिपूचा तंबू दाखवायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. पुढच्या महिन्यात आईबाबा तासगावहून येताहेत. लंडन वगैरे होईलच, पण बाबांनी फोनवर एकच गोष्ट मागितली आहे: पोविस कॅसल आणि तिथलं क्लाइव्ह म्युझियम.

बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपुर बांधणारे परशुरामभाऊ पटवर्धन १७९२ साली हरिपंत फडक्यांबरोबर टिपूवरच्या मोहिमेत होते, इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याच्या जोडीला. १७९९ च्या शेवटच्या लढाईत मात्र मराठे नव्हते. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, सिंहासन फोडून लुटीची वाटणी झाली. त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर होता एडवर्ड क्लाइव्ह, प्लासीच्या रॉबर्टचा मुलगा, आणि त्याची बायको हेन्रिएटा पोविसच्या घराण्यातली. म्हणून टिपूचा छिटाचा तंबू आणि सिंहासनावरचं रत्नजडित सोन्याचं वाघाचं तोंड आज वेल्समधल्या टेकडीवर आहे. बाबांनी हे वर्गात कितीदा तरी सांगितलंय, डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. त्यामुळे दिवस वाया जायला नको.

बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर नीट चालतात, जिने उतरताना त्रास होतो. गाडी आमच्याकडे नाही. ट्रेनने एका दिवसात जाऊन येणं त्यांना झेपेल का? आत बसायला जागा मिळते का? आईला इतिहासापेक्षा बागेची ओढ आहे, तर आधी बाग करावी की म्युझियम? कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

सासूबाईंना घेऊन गेले होते. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनहून वेल्शपूलला (किल्ल्याजवळचं गाव) थेट ट्रेन आहे, साधारण दीड तास. स्टेशनवरून चालत जाता येतं, पण चढ आहे. काकांसाठी टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, गाव छोटं आहे, ऐन वेळी मिळेलच असं नाही.

आधी म्युझियमच करा, पाय ताजे असताना. जुन्या कापडासाठी उजेड मंद ठेवतात, काकांचा वाचायचा चष्मा विसरू नका. प्रत्येक खोलीत स्वयंसेवक असतात, खुर्ची मागायला संकोचू नका. तेही आवडीने बोलतात, काकांनी परशुरामभाऊंचं जरूर सांगावं.

बाग उतारावर आहे, एकाखाली एक गच्च्या. खाली उतरलं की तेवढंच चढावं लागतं. काकांनी वरच्याच गच्चीवर बसावं, तिथून यू झाडांची अवाढव्य कुंपणं आणि पलीकडचं खोरं दिसतं. काकूंबरोबर तुम्ही खाली जा. किल्ला सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासदत्व असेल तर तिकीट लागत नाही. किल्ल्याच्या आणि बागेच्या वेळा वेगळ्या असू शकतात, निघण्याआधी त्यांच्या साइटवर दोन्ही बघून घ्या.