प्रतिसाद: इंग्रजीत 'फॅन' (चाहता) आणि 'टेस्ट' (taste, अभिरुची) यांच्याआधी 'अ' की 'द'?
मूळ पोस्टमध्ये इंग्रजीतल्या 'अ/ॲन' (a/an) आणि 'द' (the) या आर्टिकल्ससाठी 'नाम पहिल्यांदा आलं की अ, दुसऱ्यांदा द' असा नियम दिलाय. 'फॅन' आणि 'टेस्ट' या शब्दांपाशी मुलं त्यानेच अडकतात, म्हणून थोडी भर घालतो.

रविवारी परळला भाचीची वही बघत होतो. 'शी हॅज अ गुड टेस्ट इन म्युझिक' असं लिहून बाईंची लाल रेघ. अभिरुची मोजता येत नाही, म्हणून 'शी हॅज गुड टेस्ट'. पण एखाद्या गोष्टीची आवड म्हणायची असेल तर 'अ' हवाच: 'अ टेस्ट फॉर नाट्यसंगीत'. हा फरक मुलांना दोन्ही वाक्यं शेजारी मांडूनच दाखवावा, नुसत्या व्याख्येने डोक्यात शिरत नाही.

फॅनचं त्यामानाने सोपं. एकूण चाहते म्हणजे नुसतं 'फॅन्स'. काल वानखेडेवर आलेले ठरावीक चाहते म्हणजे 'द फॅन्स'. 'मी चाहता आहे' यात मराठीला काही लागत नाही, म्हणून 'आय ॲम फॅन' असं सर्रास होतं. तिथे 'अ फॅन' हवं.

आणि अक्षर नव्हे, उच्चार बघा: 'अ मुंबई इंडियन्स फॅन', पण 'ॲन एमआय फॅन', कारण 'एम' म्हणताना सुरुवात स्वराने होते.