बिलाच्या क्लासनं स्वतःचं जेसन स्वतः बनवावं का?

शेंगाचटणी: सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही बिलिंग सॉफ्टवेअर करतो. सध्या टीममध्ये वाद पेटलाय: जेसन (JSON, एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) कसं निघावं हे बिलाच्या क्लासमध्येच, म्हणजे बिलाची माहिती अन् तिचा कोड एकत्र असतो तिथंच लिहायचं, की तो कोड वेगळा ठेवायचा? माझ्या मते वेगळाच. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या जेसनमध्ये खरेदीभाव नको, हिशेबनीसाला तोच आधी लागतो. क्लासनं कुणाकुणाची मर्जी सांभाळायची?

कडकभाकरी: कशाला एवढा पसारा? जॅक्सनमध्ये (जावाची जेसन बनवणारी लायब्ररी) फील्डवर जेसन-इग्नोर टाका, ते जेसनमध्ये जातच नाही; दोन रूपं हवी असतील तर जेसन-व्ह्यू आहेच. वेगळ्या मॅपरचं, म्हणजे क्लासबाहेर जेसन बनवणाऱ्या कोडचं, सुख आम्ही भोगलंय. क्लासमध्ये एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) वाढला, मॅपरमध्ये टाकायचा राहिला, अन् कळलं कधी? व्यापाऱ्याचा फोन आल्यावर.

शेंगाचटणी: राहिलेलं फील्ड तो फोन करून मागतो तरी. इग्नोर लावायला विसरलात अन् खरेदीभाव बाहेर गेला, तर तो परत मागणार का बे?

रात्रपाळी: दोघांचंही तारखेकडे लक्ष नाही. जावास्क्रिप्टमध्ये डेट ऑब्जेक्टची टू-जेसन मेथड तयारच असते, आणि ती वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देते. आपण साडेपाच तास पुढे. १ एप्रिल २०२४, रात्री बाराचं बिल जेसनमध्ये 2024-03-31, वेळ 18:30 असं उतरतं. पुढच्यानं पहिली दहा अक्षरं कापून घेतली की बिल मागच्या आर्थिक वर्षात! ऑब्जेक्टला स्वतःचं ठरवू दिलं की हे असं होतं.

कडकभाकरी: त्यात क्लासचा काय दोष? बिलाला वेळ नसते, तारीख असते. नुसती तारीख ठेवणारा टाइप करा, त्याचं जेसन त्यालाच ठरवू द्या. एकदा लिहिलं की सगळीकडे तेच.

शेंगाचटणी: तारखेपुरतं मान्य. अख्ख्या बिलाला नाही.

हुरडापार्टी: आमच्या पायथनवाल्यांचा तिसराच पंथ. डेसिमल (अचूक दशांश आकडा) दिलं की टाइपएरर येतो, म्हणून डम्प्सला (जेसन बनवणारं फंक्शन) सरळ डिफॉल्ट म्हणून एसटीआर देऊन मोकळे, म्हणजे जे जमत नाही त्याचा नुसता मजकूर करून टाक. रक्कम अवतरणचिन्हांत गेली तर एक वेळ चालवून घेऊ. पण साधा आयटम ऑब्जेक्ट दिला तरी एरर नाही, जेसनमध्ये त्याचा मेमरीतला पत्ता छापून येतो! त्यापेक्षा कोड पडलेला बरा.

रात्रपाळी: अन् डम्प्सचं एन्शुअर-आस्की (इंग्रजीबाहेरची अक्षरं सांकेतिक आकड्यांत बदलणारं सेटिंग) फॉल्स केलंय ना? नाहीतर ‘चादर’च्या जागी बॅकस्लॅश-यूची रांग. पार्सरला, म्हणजे जेसन वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, चालते ती, पण लॉग आम्ही वाचतो.