मदत हवी आहे: जुन्या एचएमटी २५११ ट्रॅक्टरच्या इंजिनाला मिळणारं डिझेल वाढवायचं आहे, ट्रॅक्टर-ओढीसाठी

नमस्कार मंडळी,

घरी आजोबांच्या वेळचा एचएमटी २५११ आहे. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर, झेटरच्या धर्तीचा. शेतीचं काम आता नवा ट्रॅक्टर करतो, हा हौसेपुरता उरला. आमच्या काटोलकडच्या पोरांनी आपसात ट्रॅक्टर-ओढ सुरू केली आहे. अमेरिकेत करतात तशी स्लेज (ओझ्याची घसरगाडी) एका वेल्डरकडून बनवून घेतली. ट्रॅक्टर पुढे जातो तसतशी वजनाची पेटी स्लेजवर पुढे सरकते आणि ओढ वाढत जाते. तिकडे पूर्ण ओढ ३०० फुटांची धरतात, आम्ही जागेप्रमाणे कमी ठेवली.

इंजिन नुकतंच बांधलंय. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या, कॉम्प्रेशन छान. डिझेल पंप मायकोचा इनलाइन, त्याला हात लावलेला नाही, शिसाचं सील जागच्या जागी आहे. पंपाच्या पाटीवर ‘ए’ च्या पुढे ७० लिहिलंय.

त्रास असा, की अर्ध्या अंतरानंतर आरपीएम पडतात आणि इंजिन बसतं. टायर घसरत नाहीत, क्लच धरतो. धूर म्हणाल तर नावालाच, फिका राखाडी. सकाळी बरं ओढतो, दुपारी त्याच वजनाला लवकर हात टेकतो.

एक मिस्त्री म्हणतो, मागचा स्क्रू दोन आटे फिरवून देतो, घोडा होईल. दुसरा म्हणतो, पंपातले ७ चे एलिमेंट (डिझेल दाबणारा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, आणि त्याची नळी) काढून ९ चे टाक. कोणाचं ऐकू? आणि फिरवायचा तर नेमका कोणता स्क्रू?

प्रतिसाद (सावनेरकर)

काहून बावा, पंचविसाच्या ट्रॅक्टरले पन्नासचा कराचा हाय का? आधी फिल्टर बदला. अर्ध्या नागपूरचे ट्रॅक्टर फिल्टरपायी बसून राहिले अन् लोक पंप खोलून राहिले.

प्रतिसाद (पंपवाला, वाडी)

सावनेरकर गमतीत बोलले, पण खरं बोलले. भाऊ, तुम्ही धुराचं लिहिलं हे फार बरं केलं, निम्मं निदान तिथेच होतं. ओझ्याखाली इंजिन बसतंय आणि नळीतून काळा धूर येतोय, तर हवा कमी आहे, डिझेल वाढवून उपयोग नाही. बसतंय आणि धूर नाही, तर डिझेलच पोचत नाही. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतं. मात्र डिझेल पोचत नसण्याची कारणं पंपाच्या आधीही असतात, पंपातही असतात.

आधी बाहेरचं बघा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत ओढ बसते. फीड पंपाची जाळी, काचेच्या वाटीतला गाळ, बँजो बोल्टची (डिझेलच्या नळीच्या पोकळ बोल्टची) भोकं तपासा. ओव्हरफ्लोची (जास्तीचं डिझेल परत नेणारी) नळी सोडून बाटलीत धरा, ओझ्याखालीसुद्धा डिझेल परत येत राहिलं पाहिजे. मग इंजिन बंद ठेवून एकाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण ओढायला लावा आणि पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघा. लिंकेज झिजून लिव्हर अर्ध्यातच थांबलेले ट्रॅक्टर आमच्याकडे नेहमी येतात. त्यात पंपाचा काय दोष?

मिस्त्री कोणता स्क्रू म्हणतोय ते विचारा. वरच्या आरपीएमचा असेल तर ओढीत शून्य फायदा. तो रिकाम्या इंजिनाची धाव वाढवतो, आणि तुमचे आरपीएम तर आधीच पडलेत. त्या वेळी रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) पूर्ण पुढे गेलेला असतो, त्याला अडवतो तो फुल लोडचा स्टॉप. डिझेल वाढतं ते तिथे.

प्रतिसाद (धागाकर्ता)

दादा, फिल्टर, जाळ्या, झाकण सगळं बघितलं, साफ होतं. रिटर्न चांगला येतो. लिव्हर स्क्रूला टेकतो. आता ९ चे एलिमेंट टाकू का?

प्रतिसाद (गणितवाला, धरमपेठ)

नका टाकू. हिशोब करून बघा. २५ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण १८.४ किलोवॅट. अशा जुन्या इंजिनाला किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम डिझेल धरा, म्हणजे तासाला ४.६ किलो, सुमारे साडेपाच लिटर. २००० आरपीएम धरले तर दोन फेऱ्यांना एक या हिशोबाने प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला १००० फवारे, दोन्ही मिळून तासाला १,२०,०००. म्हणजे एका फवाऱ्याला ४६ घनमिलिमीटर. पंपवाल्यांच्या भाषेत हजार स्ट्रोकला ४६ सीसी.

पाटीवरचं ७० म्हणजे ७ मिमीचा प्लंजर. त्याचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस मिमी, म्हणजे ४६ साठी जेमतेम १.२ मिमी प्रभावी स्ट्रोक (प्लंजर खरोखर डिझेल ढकलतो तेवढी चाल) लागतो. रॅक थोडा सरकवून तो पाव मिमीने वाढला तरी डिझेल २० टक्क्यांनी वाढलं. ९ चा प्लंजर त्याच स्ट्रोकला ६५ टक्के जास्त देईल. एवढं डिझेल जाळायला हवा कुठून आणणार? इंजिनाला टर्बो नाही, आणि मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांना हवा १५ अंशांच्या मानाने दहाएक टक्के विरळ असते. जाडा प्लंजर तेवढंच डिझेल कमी वेळात सोडतो, फवारा लांबत नाही, हे खरं. पण तो टर्बोवाल्यांचा खेळ.

प्रतिसाद (पंपवाला, वाडी)

गणित बरोबर. मला मात्र ‘सकाळी बरं, दुपारी नाही’ हे खटकतंय. थोडा फरक हवेचा असतो, एवढा नाही. प्लंजर झिजला की दुपारच्या गरम, पातळ डिझेलला तो अडवू शकत नाही, डिझेल बाजूने गळतं. गरम झाल्यावर बंद केलेला ट्रॅक्टर लगेच चालू व्हायला त्रास देतो का?

प्रतिसाद (धागाकर्ता)

देतो! आम्ही बॅटरीला दोष देत होतो.

प्रतिसाद (पंपवाला, वाडी)

मग झालं. पंप काढा, टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावा. नोझलही सोबत द्या. आणि बेंच चालू असताना समोर उभं राहून काचेच्या नळ्यांतलं डिझेल स्वतः बघा.

प्रतिसाद (धागाकर्ता)

लावला. फुल रॅकवर एक एलिमेंट हजार स्ट्रोकला ४१ सीसी देतो, दुसरा ३३. डिलिव्हरी व्हॉल्व्हची (एलिमेंटच्या वरच्या एकतर्फी झडपेची) बैठकही खराब निघाली.

प्रतिसाद (पंपवाला, वाडी)

म्हणजे तुम्ही डिझेल वाढवायला निघालात आणि मूळचंच मिळत नव्हतं. दोन सिलिंडरचं इंजिन, त्यात एक उपाशी. ७ चेच नवे एलिमेंट आणि व्हॉल्व्ह टाका. प्लंजर फिरवणारी दात्यांची कॉलर फिरवून दोन्ही सारखे करून घ्या. आधी ४६ च्या आसपास लावून ओढून बघा. मग स्टॉप सरकवून ५० पर्यंत न्या, ते पण बेंचवरच. धूर काळा व्हायला लागला की मागे या. टायमिंग (फवाऱ्याची वेळ) पंप बसवताना पुन्हा जुळवा, जुन्या खुणेवर विसंबू नका.

दोन गोष्टी धोक्याच्या. पंप बसवून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरची नळी काढून ठेवा आणि जाड फळी हाताशी ठेवा. रॅक अडकला तर इंजिन सुसाट सुटतं, चावी बंद करून ते थांबत नाही. हवेचं तोंड फळीने दाबायचं, तळहाताने नाही. आणि हाय प्रेशर पाइपची गळती बोटाने चाचपू नका, फवारा कातडीत शिरतो. शिरलाच तर जखम कितीही बारीक दिसो, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

प्रतिसाद (सावनेरकर)

अन् भाऊ, स्लेज ड्रॉबारलेच (मागच्या खालच्या ओढदांडीले) लावजा. मागच्या धुऱ्याच्या वर साखळी बांधली तर ताकद वाढल्याबरोबर पुढची चाकं उचलतीन अन् ट्रॅक्टर अंगावर येईन.

प्रतिसाद (धागाकर्ता)

ड्रॉबारलाच आहे, भाऊ. नवे एलिमेंट बसवून पंप आला: ४७ आणि ४६. काल भर दुपारी ओढून बघितलं, वजन पार शेवटपर्यंत गेलं, धूर हलका. आता ५० ला जायच्या आधी एक्झॉस्टचं तापमान मोजायचा काटा लावायचा विचार आहे. सेन्सर कुठे बसवू, सायलेन्सरच्या नळीत की मॅनिफोल्डवर?

प्रतिसाद (गणितवाला, धरमपेठ)

मॅनिफोल्डवर, दोन्ही पोर्ट जिथे एकत्र येतात तिथे, हेडच्या जितकं जवळ जमेल तितकं. नळीत लावलात तर काटा कमी दाखवेल. ७०० अंशांच्या वर टिकू देऊ नका. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवून पाडा, बिडाचा चुरा आत पडायला नको.