‘सजावट’ नव्हे, मग काय?

वाचनवेडी: थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या कादंबरीवरील (१८४७–४८) लेखाचा अनुवाद करताना मी तिच्यातल्या चित्रांसाठी, म्हणजे इंग्रजी ‘इलस्ट्रेशन’साठी, ‘सजावट’ हा शब्द योजला, कारण दिवाळी अंकांत लहानपणापासून तोच वाचत आले, संपादकांनी तो खोडून ‘प्रसंगचित्रे’ केले. मात्र लेखाचा सारा भर ज्या चित्रावर आहे, त्यात कादंबरीतला जॉस डॉबिनची विनवणी करतो आहे आणि नायिका बेकी पडद्याआड उभी आहे. ती तिथे होती, हे मजकुरात कुठेच नाही. पुढे जॉस मरतो. बेकीने त्याला मारले असे थॅकरे लिहीत नाही, पण स्वतः काढलेल्या त्या चित्राखाली ‘बेकीचा क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेतला दुसरा प्रवेश’ असे लिहितो, आणि क्लायटेम्नेस्ट्रा तर नवऱ्याचा जीव घेणारी राणी. मजकुरात न घडलेल्या प्रसंगाला प्रसंगचित्र कसे म्हणावे?

जुळारी: प्रसंग चित्रात घडला तरी तो प्रसंगच, त्यामुळे संपादकांचे मला पटते. ‘सजावट’ अन्यायकारक आहे. १८३६ साली डिकन्सचे ‘पिकविक’ सुरू झाले तेच चित्रकार सीमोर यांच्या चित्रांना मजकुराची जोड हवी होती म्हणून.

शब्दमूळ: ‘इलस्ट्रेशन’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उजळणे’ असा आहे. ‘प्रकाशचित्र’ छायाचित्रणाने आधीच घेतल्यामुळे मी ‘दीपनचित्र’ सुचवतो.

जुळारी: असा शब्द वाचकाला कोशात शोधावा लागेल. वडिलांच्या छापखान्यात आम्ही ‘ब्लॉक’च म्हणत असू, आणि तो शब्द कामाचा होता. लाकडी ठोकळा छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या उंचीचा असल्याने ओळींच्या मधोमध बसतो व मजकुराबरोबरच छापला जातो. पोलादी पत्र्यावर चित्र कोरले, तर शाई खाचांत राहते आणि ते वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पानावर छापावे लागते. फिझ या चित्रकाराची अशी दोन चित्रे डिकन्सच्या मासिक हप्त्यात मजकुराच्या आधी जोडलेली असत, म्हणजे वाचक प्रसंग आधी पाहत असे आणि मग वाचत असे. या दोन जातींना एकच मराठी शब्द देणे मला चुकीचे वाटते.

शब्दमूळ: ‘मासिक हप्ता’ हा वदतोव्याघात आहे. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, आणि ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. येथे ‘अंक’ म्हणावे.

वाचनवेडी: अंक नियतकालिकाचा असतो. ‘व्हॅनिटी फेअर’ सुट्या पुस्तिकांतून निघाली आणि त्यांत दुसरे काही साहित्य नव्हते. शिवाय घरकर्जाचा हप्ता आपण सगळेच महिन्याला भरतो.

शब्दमूळ: रूढी आहे म्हणून चूक शुद्ध ठरत नाही. मी ‘खंडिका’ लिहीन.