केनियात फवारणी पंपांसाठी विश्वासू वितरक कसा पारखावा?

प्रश्न (पंपवाले_नाशिक):
नमस्कार. नाशिक जिल्ह्यात आमचा पाठीवरच्या फवारणी पंपांचा छोटा कारखाना आहे. नैरोबीतील एका कृषी प्रदर्शनात दोन व्यापाऱ्यांनी रस दाखवला. पहिला नैरोबीतील मोठा आयातदार असून केनिया, युगांडा आणि टांझानिया या तिन्ही देशांची पाच वर्षांची एकाधिकार वितरणव्यवस्था आणि नव्वद दिवसांची उधारी मागत आहे. दुसरा नाकुरूचा, भांडवलाने लहान, परंतु आगाऊ रक्कम देण्यास तयार आहे. कोणावर विसंबावे आणि त्याआधी काय तपासावे, याविषयी तिथे प्रत्यक्ष व्यवसाय केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ (कृषिनिविष्ठा_नैरोबी):
या दोघांपैकी एकाची निवड करण्याआधी आपण तिसऱ्याच ठिकाणी चौकशी करावी, असे मला वाटते. ते ठिकाण म्हणजे ॲग्रोव्हेट, म्हणजेच बियाणे, खते, कीटकनाशके आणि जनावरांची औषधे एकत्र विकणारे तिथले दुकान. केनियातील लहान शेतकरी पंप बहुधा तिथूनच घेतो. मेरू, एम्बू, नाकुरू, एल्डोरेट अशा गावांतील दुकानदारांना भेटून पंप कोणाकडून येतात, हंगामाच्या तोंडावर वेळेत पोचतात का, उधारी किती मिळते आणि वॉशर किंवा नोझल खराब झाल्यास कोण देतो, एवढेच विचारावे. वेगवेगळ्या गावांत जी दोन-तीन नावे पुन्हापुन्हा आदराने घेतली जातील, तीच आपली खरी यादी समजावी. प्रदर्शनातील भेटीवरून एवढी खात्री कधीच होत नाही.

वेळेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान पावसाचा काळ. म्हणजे न्हावा शेवाहून मोंबासापर्यंतचा सागरी प्रवास, बंदरातील सोडवणूक आणि पुढे रेल्वेने किंवा ट्रकने नैरोबीपर्यंतची वाहतूक हे सारे जमेस धरून माल फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये दुकानांच्या फळीवर असायला हवा. जो व्यापारी हे वेळापत्रक आपण न विचारता स्वतः मांडतो आणि त्यानुसार मागणीचे महिने सांगतो, त्याला हा माल खरोखर विकायचा आहे असे समजावे.

पाच वर्षांचा तीन देशांचा एकाधिकार मात्र देऊ नये. त्या आयातदाराच्या गोदामात दुसऱ्या कंपनीचे स्वस्त पंप आधीपासून असतील, तर आपला पंप बाजारात येऊ नये एवढ्याचसाठीही तो करार करू शकतो. म्हणून गोदाम स्वतः पाहावे. देणे भागच पडले, तर एका वर्षासाठी आणि केनियातील ठरावीक भागापुरता एकाधिकार द्यावा, आणि प्रत्येक हंगामातील किमान खरेदी व सुट्या भागांचा साठा ही त्याची अट ठेवावी.

उत्तर २ (निर्यात_सल्लागार_पुणे):
कागदपत्रांविषयी थोडे. केनियातील कंपनीचे संचालक आणि भागधारक कोण आहेत, हे तिथल्या नोंदणी कार्यालयाच्या सीआर-१२ या दाखल्यावरून कळते. तो अलीकडचा मागावा आणि करारावर सही करणारी व्यक्ती त्यात आहे का, हे पाहावे. करखात्याचा पिन, म्हणजे करदात्याचा ओळख क्रमांकही घ्यावा. तिथल्या मानक संस्थेच्या, म्हणजे केब्सच्या, नियमांनुसार बहुतेक मालाला निर्यातीपूर्वी तपासणी होऊन अनुरूपता प्रमाणपत्र लागते. ते मिळवण्याची व्यवस्था आपल्याच हाती ठेवावी, कारण त्या कामासाठी वितरकावर अवलंबून राहिलो की पुढे वितरक बदलणे अवघड जाते.

बोधचिन्हाची नोंदणी तर करारापूर्वीच आपल्या नावावर करावी. वितरकानेच ते स्वतःच्या नावे नोंदवले, तर आपला माल त्या देशात आपल्याच नावाने विकता येत नाही. भारत 2013 पासून माद्रिद व्यवस्थेत, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांत बोधचिन्ह नोंदवण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आहे आणि केनियाही तिचा सदस्य आहे, त्यामुळे भारतातूनच अर्ज करता येतो. युगांडा आणि टांझानिया त्या व्यवस्थेत नाहीत, तिथे वेगळा अर्ज लागतो. टांझानियात तर मुख्य भूमी आणि झांझिबार यांची नोंदणीही स्वतंत्र आहे.

नव्वद दिवसांची उधारी पहिल्या व्यवहारात मुळीच देऊ नये. काही रक्कम आगाऊ आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेमार्फत डी/पी, म्हणजे पैसे भरल्यावरच कागदपत्रे, ही पद्धत ठेवावी. तरीही खरेदीदाराने माल उचललाच नाही, तर मोंबासात साठवणुकीचा आणि कंटेनरचा खर्च रोज चढत जातो, म्हणून आगाऊ रकमेतून निदान परतीचे भाडे निघावे. ईसीजीसीकडे, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या भारतातील सरकारी कंपनीकडे, त्या खरेदीदाराची पतमर्यादा मागितल्यास विमाही मिळतो आणि त्याच्या पैसे फेडण्याच्या क्षमतेचा अंदाजही येतो.

उत्तर ३ (दार_ए_सलाम_वासी):
टांझानिया या करारात सहज जोडून देऊ नये, एवढेच सांगतो. दार-ए-सलामच्या कारियाकू या घाऊक बाजारात मलावी, झांबिया, काँगो इथूनही व्यापारी येतात, त्यामुळे माल झटपट खपतो, पण तो कोणत्या शेतकऱ्याकडे गेला हे कोणालाच ठाऊक राहत नाही आणि विक्रीनंतरची सेवा शून्य. युगांडाची राजधानी कंपाला इथल्या किकूबो बाजारातही असेच आहे. घाऊक विक्रेता आणि सेवा देणारा वितरक ही दोन वेगळी माणसे आहेत, हे धरून चालावे. चलनाचेही भान ठेवावे: केनियन शिलिंग जानेवारी 2024 मध्ये डॉलरला सुमारे 160 पर्यंत घसरला आणि काही महिन्यांतच 130 च्या आसपास परतला. डॉलरमध्ये उधार घेतलेला माल शिलिंगमध्ये विकणारा वितरक अशा वेळी प्रामाणिक असूनही पैसे थकवतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाकुरूच्या व्यापाऱ्याकडे पूर्ण कंटेनर घेण्याइतके भांडवल नाही, ही एकच अडचण उरते.

उत्तर १ (कृषिनिविष्ठा_नैरोबी):
पूर्ण कंटेनरची गरज नाही. एलसीएल पद्धतीने, म्हणजे इतरांच्या मालासोबत कंटेनरमधील थोडी जागा घेऊन, लहान खेप पाठवावी, दर नगाला भाडे जास्त पडले तरी चालेल. नाकुरू, न्जोरो आणि मोलो एवढाच भाग त्याला द्यावा, पहिल्याच खेपेत वॉशर, नोझल आणि बॅटरी भरपूर पाठवाव्यात, आणि त्याच्या दुकानातील एका मुलाला दुरुस्ती शिकवण्यासाठी आपला कारागीर सोबत न्यावा. फेब्रुवारीत माल पोचवायचा असेल, तर तपासणीचा अर्ज डिसेंबरच्या आरंभीच करावा लागेल.